कोकेन घेणारे, पण उपचारांपर्यंत न पोचलेले: त्यांच्याबद्दल बोलूया

पाऊलवाट (धागाकर्ती)

व्यसनाबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक केंद्रात दाखल झालेल्या माणसाचं असतं. तो कसा वाहवत गेला, घरच्यांनी काय काय सोसलं, शेवटी दाखल झाला आणि सावरला. हे लिहिलं जायलाच हवं. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या जागतिक अहवालाप्रमाणे अमली पदार्थांच्या आजारात सापडलेल्या ११ माणसांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. उरलेली दहा माणसं कुठे असतात, कशी जगतात, कशाने मरतात, यावर आपण फारसं बोलत नाही. मी कॅनडात व्हँकुव्हरला परिचारिका आहे आणि माझं काम या दहा माणसांमध्येच चालतं. रस्त्यावर, गल्लीबोळांत, स्वस्त लॉजच्या जिन्यांवर.

कोकेनपुरतंच लिहिते, कारण कोकेनवाल्यांची अडचण वेगळी आहे. हेरॉइन किंवा ब्राऊन शुगर घेणाऱ्याला मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं देता येतात. ती घ्यायला तो दवाखान्यात येतो. त्या निमित्ताने त्याचं रक्त तपासलं जातं, गळवावर मलमपट्टी होते, कोणीतरी दोन शब्द विचारतं. कोकेनच्या व्यसनावर मान्यता मिळालेलं असं एकही औषध आजवर नाही. मग त्याने दवाखान्यात यायचं कशासाठी? तो येतो तो थेट इमर्जन्सीत, नाहीतर येतच नाही.

आमच्या शहरात काय झालं ते सांगते. डाउनटाउन ईस्टसाइड ही व्हँकुव्हरमधली जुनी, गरीब वस्ती. तिथे १९८८ पासून वापरलेली सुई घेऊन नवी देण्याचा कार्यक्रम होता. वर्षाला २० लाखांवर सुया दिल्या जात. एवढं असून १९९६-९७ मध्ये तिथे एचआयव्हीचा भडका उडाला. ज्यांना लागण नव्हती अशा १०० जणांमागे वर्षभरात १८ ते १९ जणांना नवी लागण होत होती. सुया वाटूनही हे कसं, असा प्रश्न जगभर विचारला गेला. सुया वाटल्यामुळेच हे झालं, असंही काहींनी ठरवून टाकलं.

खरं कारण कळलं ते रस्त्यावरच्या माणसांना गाठून, वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलत राहून. ते कारण होतं कोकेन. हेरॉइनचा अंमल काही तास टिकतो, त्यामुळे दिवसाला मोजकी इंजेक्शनं होतात. टोचून घेतलेल्या कोकेनची किक काही मिनिटांत ओसरायला लागते आणि लगेच दुसरी तलफ उठते. अशी माणसं एकेका दिवसात वीस-वीस वेळा टोचून घेतात. त्यांच्यासमोर होती मोजून मिळणारी सुई, जुनी आणली तरच नवी ही अट, आणि रात्रीची मर्यादित सोय. हंडाभर पाणी लागतं तिथे तांब्या ठेवल्यासारखं झालं ते. मध्यरात्री सुया संपल्या की शेजारच्या खोलीतल्याची सुई घेतली जायची. त्याला काय आजार आहे हे विचारायच्या मनःस्थितीत तेव्हा कोणीच नसायचं.

जे जितक्या जास्त वेळा कोकेन टोचत होते, त्यांना लागण होण्याचा धोका तितका जास्त होता. धोका त्या पावडरीत आहेच. पण त्या पावडरीभोवती माणूस काय करतो आणि कुठल्या परिस्थितीत करतो, यात तो कितीतरी पटीने वाढतो. उपचारांबाहेरच्या माणसासाठी काही करायचं तर सुरुवात इथून करावी लागते. ‘आधी सोड, मग मदत करू’ ही अट घातली की ही दहा माणसं हातची जातात. हेच मला इथे मांडायचं आहे.

आपले अनुभव आणि शंका जरूर लिहा. घेणाऱ्यांना नावं ठेवू नयेत एवढी विनंती. वाचणाऱ्यांमध्ये तेही असतील.

सह्यकडा

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. सुई द्यायची म्हणजे ‘घे बाबा’ असं सांगण्यासारखंच की. माझा आत्तेभाऊ १९८०च्या दशकात मुंबईत ब्राऊन शुगरमध्ये अडकला. आत्याने दागिने विकून त्याला पैसे पुरवले. का, तर तो चोरी करू नये, बाहेर मार खाऊ नये. ती तिची माया होती आणि त्या मायेनेच तो गेला. घरच्यांनी दार बंद केलं असतं तर कदाचित शुद्धीवर आला असता. नियम सैल केले की व्यसन वाढतं असं माझं ठाम मत आहे.

अबोली

माझा प्रश्न वेगळा. भारतात कोकेन म्हणजे पैसेवाल्यांचं प्रकरण ना? नाकाने ओढतात, तेही पार्टीत. सुया, फुटपाथ, एचआयव्ही याचा आपल्याकडे काय संबंध? आपल्याकडचा खरा प्रश्न दारूचा आणि अफूच्या पदार्थांचा आहे.

पाऊलवाट

अबोली, प्रमाणाबद्दल तुझं बरोबर आहे. ‘एम्स’ने केलेलं आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं देशव्यापी सर्वेक्षण आहे. त्यात १० ते ७५ वयोगटातले ०.१० टक्का लोक कोकेन घेणारे आढळले. दारू घेणारे १४.६ टक्के होते. म्हणजे तुलनेत फारच थोडे. पण आपल्या देशात ०.१० टक्का म्हणजे साधारण १० लाख ७० हजार माणसं होतात. आणि ती पैसेवाली असली तरी उपचारांत असतील असं अजिबात नाही. उलट ‘व्यसनी’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर पुलाखाली पडलेला माणूस येतो आणि आपण तसे नाही म्हणून ती निश्चिंत असतात.

नाकाने ओढण्याबद्दल एक सांगते. सतत ओढून नाकाची आतली त्वचा सोलवटलेली असते, रक्त येतं. एकच गुंडाळलेली नोट किंवा नळी पाच जणांत फिरली तर त्यावर रक्ताचे न दिसणारे कण असू शकतात. हेपटायटिस सीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजाराचा, विषाणू अशा नळ्यांवर सापडलेला आहे. सुईइतका हा मार्ग धोक्याचा नाही, पण नोट फिरवणाऱ्यांच्या तो मनातही येत नाही. सुई घेणारा निदान ‘हे धोक्याचं आहे’ एवढं जाणून असतो.

सह्यकडा, तुमच्या आत्याबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्हाला सविस्तर उत्तर देते, ड्यूटीवरून आल्यावर.

रात्रपाळी

मी मुंबईत तातडीच्या विभागात डॉक्टर आहे. अबोलीताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे शनिवारची रात्र उलटल्यावर येतं.

पस्तिशीच्या आतला माणूस, छातीत दुखतंय, दरदरून घाम, बीपी चढलेलं, नजर भिरभिरती. सोबतचे मित्र सांगतात, ‘ॲसिडिटी असेल, जेवण तिखट होतं.’ खोदून विचारलं तर ‘दोन पेग’. त्यापुढे गप्प. रुग्णाची बायको शेजारी उभी असेल तर तोही काही बोलत नाही.

कोकेन हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतं. त्याच वेळी ठोके आणि रक्तदाब वाढवून हृदयाची ऑक्सिजनची गरजही वाढवतं. रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यताही वाढते. १९९९ मध्ये हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या अमेरिकेतल्या रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हार्ट ॲटॅकचा धोका त्याच माणसाच्या एरवीच्या धोक्याच्या २४ पट होतो, असं त्यात दिसलं. नंतर तो झपाट्याने उतरतो. कधीमधी घेणाऱ्यालाही यातून सुटका नाही.

आता दारूचं. आपल्याकडे कोकेन एकटं क्वचितच घेतलं जातं. कोकेनची तगमग दारूने कमी वाटते आणि कोकेनमुळे दारू चढल्याचं कळत नाही, म्हणून दोन्ही वाढत जातं. पोटात दोन्ही असली की यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच रसायन तयार होतं. ते कोकेनपेक्षा जास्त वेळ शरीरात राहतं आणि हृदयाला जास्त घातक आहे. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मी ज्या ज्या रुग्णाला शांतपणे समजावलं, त्यातल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकल्याचं सांगितलं.

आणि आम्हाला खरं का सांगायचं? कारण छातीत दुखतं आणि ठोके जलद आहेत म्हटल्यावर एरवी जी औषधं पटकन आठवतात, त्यातलं बीटा ब्लॉकर (ठोके आणि बीपी उतरवणारं औषध) कोकेनच्या अमलात असलेल्याला आम्ही सहसा टाळतो. रक्तवाहिन्या आणखी आवळल्या जाण्याची भीती असते. अशा रुग्णाला आधी शांत करणारी औषधं लागतात. अंग भट्टीसारखं तापलं असेल तर लगेच थंड करावं लागतं. ही माहिती पहिल्या काही मिनिटांत हवी असते, दुसऱ्या दिवशी नातेवाईक कबूल करतात तेव्हा नव्हे. डॉक्टरच्या कानात सांगा. बायकोसमोर, आईसमोर सांगायची गरज नाही. आम्हीच नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर पाठवायला हवं, आणि हे मी माझ्या ज्युनियर डॉक्टरांना रोज सांगतो.

मांडवी

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून लावण्यासारखा आहे. मी गोव्यात किनारपट्टीवरच्या हॉटेलांमध्ये बरीच वर्षं काढलीत. तिथे मी पाहिलेली सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे ‘झोपू दे त्याला, सकाळी ठीक होईल’.

पाहुणा बेशुद्ध होतो किंवा थरथरायला लागतो. मित्र त्याला खोलीत नेऊन दार लावून घेतात आणि स्वतः पार्टीला परत जातात. ॲम्ब्युलन्स बोलावली तर पोलीस येतील, पोलीस आले तर सगळेच अडकतील, हे गणित प्रत्येकाच्या डोक्यात असतं. एका हॉटेलात (नाव लिहीत नाही) आम्हा कर्मचाऱ्यांना तोंडी सूचनाच होती की मॅनेजरला विचारल्याशिवाय १०८ ला फोन करायचा नाही. मी त्या नोकरीतून बाहेर पडले त्याचं हेही एक कारण.

मित्रांना मी वाईट म्हणणार नाही. विशीतली पोरं असतात, घाबरलेली. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं की अशा माणसाला एकटं ठेवायचं नाही, कुशीवर वळवायचं, श्वास बघत राहायचं.

पाऊलवाट

मांडवी, हे ‘एकटं’ प्रकरण आमच्याकडे आता सगळ्यात मोठं आहे. गेल्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या मालात फेंटानिल शिरलं, म्हणजे हेरॉइनच्याच जातीचा, पण त्याहून कितीतरी जहाल असा कृत्रिम पदार्थ. आमच्या प्रांताने एप्रिल २०१६ मध्ये त्यापायी आरोग्य आणीबाणी जाहीर केली. अमेरिकेत २०२१ मध्ये कोकेनचा संबंध असलेले २४ हजारांवर मृत्यू झाले आणि त्यातल्या बहुतेकांत फेंटानिलही होतं. हेरॉइनची सवय असलेल्या शरीराला अफूजन्य पदार्थ थोडेफार सोसतात. फक्त कोकेन घेणाऱ्याला ती सवय नसते, त्यामुळे मालात चुकून मिसळलेलं थोडंसं फेंटानिलही त्याचा श्वास थांबवू शकतं. तो बंद खोलीत एकटा असला तर संपलंच. म्हणून आम्ही कोकेनवाल्यांनाही नॅलोक्सोन देतो आणि वापरायला शिकवतो. नॅलोक्सोन कोकेनवर चालत नाही, पण फेंटानिलमुळे अडलेला श्वास परत आणतं.

भेसळ ही काही नवी गोष्ट नाही. २००९ च्या सुमारास अमेरिकेत पकडलेल्या कोकेनच्या दोन तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत लेव्हामिसोल सापडत होतं, गुराढोरांना जंतांसाठी देतात ते. त्याने काहींच्या पांढऱ्या पेशी एवढ्या घटतात की साधा घसादुखीचा ताप जिवावर बेततो. घेणाऱ्याला वाटतं, आपला माल ‘शुद्ध’ आहे, ओळखीच्या माणसाकडून घेतलाय. ओळखीच्या माणसालाही त्यात काय आहे ते ठाऊक नसतं.

कॅनडात २०१७ मध्ये कायदा झाला की ओव्हरडोससाठी मदत बोलावणाऱ्यावर आणि तिथे हजर असलेल्यांवर अमली पदार्थ जवळ बाळगल्याचा गुन्हा लावायचा नाही. तरी लोक घाबरतातच, पण ‘फोन करा, त्यासाठी पकडणार नाहीत’ असं मी त्यांना छातीठोकपणे सांगू शकते. भारतात काय स्थिती आहे, कोणी वकील सांगेल का?

उलटतपासणी

सांगते. एनडीपीएस कायदा, १९८५, म्हणजे आपला अमली पदार्थविरोधी कायदा. कोकेन सेवनासाठी कलम २७ खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोकेनची ‘अल्प मात्रा’ २ ग्रॅमपर्यंत, ‘व्यापारी मात्रा’ १०० ग्रॅमच्या वर. मित्रांचे पैसे गोळा करून सगळ्यांसाठी पुड्या आणणारा कायद्याच्या नजरेत नुसता सेवन करणारा राहत नाही. कॉलेजच्या मुलांना हे माहीतच नसतं.

आता यातला उपयोगाचा भाग. कलम ६४अ: सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचारांना गेली, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. शिवाय कलम ३९ प्रमाणे न्यायालय दोषी ठरलेल्यालाही तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकतं. ही कलमं कायद्यात आहेत, वापर मात्र फार कमी होतो. आरोपीलाच माहिती नसते आणि घरचे लोक वकिलाला पहिला प्रश्न ‘जामीन कधी’ हाच विचारतात.

पाऊलवाट, तुमच्याकडच्या त्या २०१७ च्या कायद्यासारखी तरतूद एनडीपीएसमध्ये नाही. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात संरक्षण आहे, पार्टीतल्या बेशुद्ध मित्राला दवाखान्यात नेणाऱ्याला तसं नाही. ती यायला हवी, आणि त्यासाठी आवाज उठायला हवा असं मला मनापासून वाटतं. तोवर माझा सल्ला एकच: माणूस आधी वाचवा. खटला लढता येतो.

एक जोड. एचआयव्ही व एड्स कायदा, २०१७ च्या कलम २२ ने धोका कमी करण्याच्या उपायांना, त्यात सुया देणंही आलं, कायदेशीर कवच दिलंय. म्हणजे पाऊलवाट सांगतायत ते आपल्या कायद्यालाही परकं नाही.

सह्यकडा

वाचतोय. वकीलताईंचं कलम २२ मला माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा तसाच आहे. हे सगळं केल्यावर माणूस व्यसन सोडतो का? की नुसता ‘सुरक्षितपणे’ घेत राहतो?

पाऊलवाट

सह्यकडा, प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी सांगते.

पहिली, मेलेला माणूस सोडू शकत नाही. २००३ मध्ये इथे ‘इनसाइट’ सुरू झालं, परिचारिकेच्या देखरेखीखाली टोचून घेण्याची जागा. ती उघडल्यावर तिच्या ५०० मीटर परिसरातले ओव्हरडोसचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. शहराच्या उरलेल्या भागात घट ९ टक्क्यांच्या आसपास होती. सुया मोजून देणं बंद झालं, वाटपाच्या जागा वाढल्या, एचआयव्हीची औषधं लोकांना शोधत जाऊन दिली गेली. १९९६-९७ सारखा भडका त्यानंतर इथे उडाला नाही.

दुसरी, माणूस दाराशी रोज आला तरच एखाद्या दिवशी ‘मला थांबायचंय’ म्हणतो. तो दिवस कुठला असेल हे ना त्याला माहीत असतं, ना मला. त्या दिवशी समोर ओळखीचं कोणी असेल तर तो बोलतो. आमच्याकडे केंद्रात जाणारे कितीतरी जण आधी वर्षानुवर्षं फक्त सुया न्यायला यायचे.

तुमच्या आत्याबद्दल: पैसे पुरवणं आणि जीव सांभाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देऊ नका, खोटं झाकू नका, हे मीही घरच्यांना सांगते. पण दार बंद केल्याने शुद्धीवर आलेले मी फार कमी पाहिले. बंद दाराबाहेर थंडीत आणि पोलिसांच्या भीतीने घाईघाईत टोचून घेतलेली इंजेक्शनं मात्र रोज पाहते. घाईत शीर चुकते, हात धुवायचा राहतो, दुसऱ्याची सुई चालते.

शेवंती

न्यू जर्सीहून. मी समाजकार्यात आहे. इथे अजून बायकांबद्दल कोणी बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

१९८०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत क्रॅक आलं. कोकेनचेच ओढायचे खडे, स्वस्त, काही सेकंदांत मेंदूत पोचणारे आणि तितक्याच लवकर उतरणारे. सुई नाही म्हणून एचआयव्हीची भीती नाही, असा समज होता. १९९४ मध्ये न्यूयॉर्क, मायामी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गरीब वस्त्यांतल्या तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तरुण दवाखान्यातून न घेता थेट रस्त्यावरून घेतले होते. कधीच सुई न टोचलेल्यांमध्ये क्रॅक ओढणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण १५.७ टक्के निघालं, न ओढणाऱ्यांत ५.२. कारण होतं क्रॅकच्या बदल्यात शरीरसंबंध. तलफ दर काही मिनिटांनी, पैसा संपलेला, आणि कंडोमचा आग्रह धरण्याची ताकद बाईकडे नाही. सर्वाधिक मार बायकांनाच बसला.

मग त्या उपचारांना का गेल्या नाहीत? केंद्रात मुलांना सोबत ठेवायची सोय नव्हती. ‘मी क्रॅक घेते’ म्हटलं की मूल काढून घेतलं जाण्याची भीती. गरोदर बाईला तर डॉक्टरकडे जायचीही भीती. आणि १९८६ चा कायदा असा की क्रॅक आणि पावडर कोकेन यांच्या शिक्षेत १०० ला १ असं प्रमाण. म्हणजे ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, ती पावडरीला ५०० ग्रॅमवर. त्याची झळ काळ्या वस्त्यांना बसली. २०१० मध्ये ते १८ ला १ झालं, समान आजही नाही. अशा वातावरणात कोण स्वतःहून पुढे येईल?

मी ज्यांच्यासोबत काम करते त्या बायका ‘उपचार नाकारणाऱ्या’ नाहीत. उपचारांची किंमत म्हणून मूल मागितलं जात असेल तर कुठलीही आई जे करेल ते त्या करतात.

अबोली

शेवंती, +१०० म्हणावंसं वाटतं, पण मोजायचं काय यात. आपल्याकडेही व्यसनी बाईला घरच्यांकडून जितकं लपवलं जातं तितकं पुरुषाला नाही. तिला केंद्रात नेणं म्हणजे चारचौघांत बोभाटा, म्हणून नेतच नाहीत.

नवीन_खातं

फक्त या धाग्यासाठी खातं काढलंय. माझा धाकटा भाऊ पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. शनिवार-रविवारी घेतो. दीड वर्षापूर्वी महिन्यातून एकदा होतं, आता दर आठवड्याला. सोमवारी चिडचिड, झोप नाही, नाकातून रक्त. मला म्हणतो, ‘ताई, मी ॲडिक्ट नाही, मी ऑफिसला वेळेवर जातो.’ आईबाबांना माहीत नाही. केंद्राचं नाव काढलं की फोन ठेवतो. तुम्ही म्हणता ती अट न घालता मी नेमकं बोलू काय?

पाऊलवाट

बरं केलंस लिहिलंस. ‘तू ॲडिक्ट आहेस की नाही’ हा वाद सोडून दे. तो वाद तो जिंकेल, कारण त्याच्याकडे पगारपत्रक आहे. त्याला कबूल करायला लावणं हे तुझं काम नाही.

त्याच्या स्वतःच्या तक्रारींपासून सुरुवात कर. नाकातून रक्त येतंय, झोप नाही, सोमवार वाईट जातो. हे तर तोही नाकारत नाही. मग डॉक्टरांनी वर लिहिलंय ते कोकाएथिलीनचं सांग. ‘सोड’ म्हणू नकोस. ‘दोन्ही एकत्र घेतोस ते मला सगळ्यात जास्त घाबरवतं’ एवढंच म्हण. नोट किंवा नळी कोणाशी वाटून घेऊ नको, एकटा असताना घेऊ नको, छातीत दुखलं तर कितीही वाजले असोत मला फोन कर, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नकोस. त्या एका फोनवर तो पुढच्या वेळी तुला सांगेल की नाही ते ठरेल.

पैसे उसने मागितले तर देऊ नकोस, आणि का देत नाहीस ते सरळ सांग.

केंद्राआधी मानसोपचारतज्ज्ञाची एखादी भेट सोपी पडते. कोकेनवर औषध नसलं तरी बोलण्याचे उपचार आहेत. त्यातला सगळ्यात भक्कम पुरावा असलेला प्रकार म्हणजे ठरलेल्या दिवशी लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, कूपन किंवा व्हाउचर. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११ पासून ते चालू आहे. भारतात राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मोफत. तूही फोन करू शकतेस, त्यानेच करायला हवा असं नाही. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहेच.

सह्यकडा

नशा न केल्याबद्दल बक्षीस, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण पुरावा आहे म्हणता तर नाही म्हणणार नाही. नवीन_खातं, पाऊलवाट ताईंचं ऐक. आत्याला कोणी हे सांगितलं असतं तर तिने केलं असतं. पैशांबाबत मात्र ठाम राहा, तिथे माझं मत बदलणार नाही.

नवीन_खातं

दोन आठवड्यांनी लिहितेय. बोलले. पहिल्यांदा अर्धा तास बोलला माझ्याशी. केंद्र नाही, मानसोपचारतज्ज्ञ ‘बघू’. पण हृदयाची आणि हेपटायटिसची तपासणी करून घ्यायला तयार झाला, नळी वाटून घेण्याचं ऐकून जरा हादरला होता. दोन प्रश्न आहेत. ईसीजी नॉर्मल आला तर काळजी नाही असं समजायचं का? आणि हेपटायटिस सी निघाला तर?

रात्रपाळी

दुसऱ्याचं आधी, ते सोपं आहे. हेपटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो, बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांत. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. त्यासाठी आधी कोकेन सोडायची गरज नाही. सोबत एचआयव्ही आणि हेपटायटिस बीची तपासणीही करून घ्या, आणि बी नसेल तर त्याची लस घ्या.

ईसीजीबद्दल त्याची गैरसमजूत होऊ देऊ नका. नॉर्मल ईसीजी म्हणजे तपासणीच्या वेळी हृदयावर ताण दिसला नाही, एवढंच. पुढच्या शनिवारी रक्तवाहिनी आवळणार नाही याची ती हमी नाही. कागद हातात घेऊन ‘बघ, मी फिट आहे’ म्हणेल, त्याआधीच हे सांगून ठेवा. बीपी घरी मोजायला सांगा, शनिवारनंतरचं आणि आठवड्याच्या मधलं, आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना दाखवू द्या. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना कोकेनबद्दल त्याने स्वतः सांगितलं तर उत्तम. तुम्ही सोबत गेलात तर त्या वेळी बाहेर थांबा.